केस लांब म्हणून काटा लांब नको गं

ताई,
माझे केस कमरेच्या खाली जातात, पण दुसऱ्या बाळंतपणानंतर (धाकटी आता दोन वर्षांची आहे) बरेच विरळ झालेत. शाळेत शिकवते, चौथीचा वर्ग. क्लचर महिन्याला एक मोडतो, यू पिनांनी संध्याकाळपर्यंत डोकं ठणकतं, म्हणून ते लाकडी-स्टीलचे हेअर फोर्क असतात ना, अंबाड्यात खोचायचे दोन-तीन दांड्यांचे काटे, ते ऑनलाइन मागवले. "लांब केसांसाठी" असं लिहिलेला सात इंची स्टीलचा घेतला, तो भर वर्गात घसरून ठण्णकन फरशीवर पडला, सगळी पोरं हसली. दुसरा शिसवीचा, तो तीन आठवड्यांत मोडला. सध्या चक्क पेन्सिल खुपसते अंबाड्यात. आजेसासूबाईंचा दोन दांड्यांचा चांदीचा आकडा कपाटात आहे, तो वापरू का? की नवीन घेऊ, कशाचा, केवढा? याने केस जास्त गळतात का? शाळेत स्कूटीवरून हेल्मेट घालून जाते, तेही सांगते. सासूबाई म्हणतात कापून टाक एकदाचे. थोरला पहिलीत आहे, सकाळी माझ्याकडे केसांसाठी पाच मिनिटं असतात फक्त.
— पेन्सिलवाली बाई, सांगली

अगं पेन्सिलवाली,

आधी कात्री लपवून ठेव, सासूबाईंचं नंतर बघू. तुझ्या पत्रात मला सगळ्यात आवडलं काय तर ती पेन्सिल, कारण सात इंची स्टीलचा काटा पडला आणि पेन्सिल टिकली यातच तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे, तुझ्या लक्षात आलं नाही एवढंच.

काटा निवडताना नव्वद टक्के बायका (मीही त्यातच होते, लाजायचं काय) केसांची लांबी बघतात. केस लांब, मग काटा पण लांब. विकणारे पण तसंच लिहितात. पण काटा काही तुझ्या शेपट्यातून जात नाही गं, तो अंबाड्यातून जातो, आणि अंबाडा केवढा होतो ते लांबीपेक्षा केसांच्या दाटपणावर जास्त असतं. कमरेखाली जाणारे विरळ केस गुंडाळले की लिंबाएवढा अंबाडा होतो आणि खांद्याच्या थोडे खाली आलेले दाट केस गुंडाळले तर संत्र्याएवढा. तुझ्या लिंबातून तू सात इंची सळई घातलीस, दोन्हीकडून निम्मी बाहेर, वरचं टोक जड, मान हलवली की ती तराजूसारखी कलणार, मग सुटणारच की.

तर आज रात्री पोरं झोपली की हे कर. एरवी घालतेस तसाच अंबाडा घाल, तीच पेन्सिल आडवी आरपार घाल, ती जिथून आत गेली आणि जिथून बाहेर आली तिथे दोन्हीकडे नखाने धरून ठेव आणि बाहेर काढून पट्टीने मोज. समज सात सेंटिमीटर आलं. त्यात दोन-अडीच मिळव, म्हणजे साडेनऊ. काट्याच्या दांड्या साधारण एवढ्या हव्यात, म्हणजे पलीकडून टोक जेमतेम दिसेल आणि काटा थोडा वाकडा गेला तरी पुरेल. आणि हे नीट ऐक, फसगत इथेच होते: दांड्यांची लांबी म्हणजे फाटा सुटतो तिथपासून टोकापर्यंत. वरचं डोकं, मोर, पान, नक्षी, मोती जे काय असेल ते त्यात धरायचं नाही. दुकानात "5 इंच" लिहिलेलं असतं ते डोक्यासकट, आत जाणारा भाग साडेतीन-चारच निघतो कधी कधी. फोटोत मोजपट्टी ठेवलेली नसेल तर सरळ मेसेज करून विचार, दांडी किती सेंटिमीटर. उत्तर देत नाही त्याच्याकडून घेऊच नको.

दाटपणाचं एक सोपं माप पण घे. मानेपाशी पोनीटेल बांध आणि शिवणकामाच्या टेपने त्याचा घेर मोज. 5 सेंटिमीटरच्या आत म्हणजे विरळ, 5 ते 10 मध्यम, 10 च्या वर दाट, असं साधारण धरतात. पण तुझ्या बाबतीत यात एक ग्यानबाची मेख आहे. बाळंतपणानंतर जे केस जातात ते बऱ्याचदा परत येतात, आणि तुझे आले असतील तर आता ते वीतभर झालेले असणार, कारण केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतात, थोडं इकडेतिकडे. म्हणजे मानेपाशी घेर बरा भरेल पण खाली शेपटा उंदराच्या शेपटीसारखा निमुळता! ते वीतभर केस अंबाड्यापर्यंत धड पोचत नाहीत, तेच सारखे सुटतात, आणि बाईला वाटतं काटाच फालतू आहे. म्हणून तू घेराच्या मापावर जाऊ नको, पेन्सिलीच्या मापावर जा.

आता घालायची पद्धत, कारण मला खात्री आहे तू काटा सरळ खुपसतेस. पेन्सिलीची सवय झालीय हाताला. पेन्सिल निदान खडबडीत असते, त्यावर रंगाचे कोपरे असतात, ती केसांना धरते, स्टील गुळगुळीत, ते कशाला धरेल? काटा अंबाड्याला धरून राहत नाही, तो टाळूवरच्या केसांना धरून राहतो. अंबाडा आणि डोकं यांना शिवणारा टाका समज त्याला.

आधी अंबाडा चकलीसारखा घाल, लाडवासारखा नको. म्हणजे केसांना पीळ देऊन वेढे एकमेकांच्या बाहेरून, डोक्याला चिकटून पसरट, एकावर एक उंच रचायचे नाहीत. लाडू केलास तर वरचे वेढे काट्यात येतच नाहीत आणि दुपारपर्यंत ओघळतात. आता डाव्या हाताने चकली दाबून धर. उजव्या हातात काटा, आणि सुरुवातीला तो उलटा, म्हणजे काट्याचं डोकं अंबाड्यावर आणि टोकं बाहेरच्या दिशेला. काट्याला बाक असेल तर त्याची पोकळ बाजू डोक्याकडे नाही, मागे जो कोणी उभा आहे त्याच्याकडे. सगळ्यात बाहेरच्या वेढ्यातून टोकं खाली घाल, डोक्याला लागतील इतकी, तिथले थोडेसे केस उचल. मग काट्याचं डोकं वहीचं पान उलटावं तसं बाहेरच्या बाजूला उलटव, आता टोकं आपोआप अंबाड्याच्या मध्याकडे वळतील आणि पोकळ बाजू डोक्याकडे येईल. तसाच डोक्याला घासत अंबाड्याच्या खालून ढकल, पलीकडच्या कडेचा वेढा टोकांवर घेऊन बाहेर काढ. उलटवताना जो ताण जाणवतो ना, तोच काटा धरून ठेवतो, ताण जाणवलाच नाही तर काढ आणि परत घाल. एकच केस टोचल्यासारखा ओढला जात असेल तरी काढून परत घाल, "जाऊ दे आता उशीर होतोय" केलंस तर दुपारी डोकं दुखणार म्हणजे दुखणार. पहिले चार-पाच दिवस वैताग येईल, मग वीस सेकंदांत होतं, तुझ्या पाच मिनिटांतली चार उरतील.

पद्धत सुधारल्यावर तो पडलेला सात इंची काटा पण कदाचित टिकेल, पण बाहेर आलेली टोकं धाकटीच्या डोळ्याच्या उंचीवर येतात तू तिला कडेवर घेतलंस की. दोन वर्षांचं पोर काटा उपसणारच, तो त्यांचा जन्मसिद्ध हक्क आहे. त्यामुळे घरात तो नको.

मग कशाचा घ्यायचा. तुझ्यासाठी मी लाकडाचा म्हणेन, आणि लाकूड आत्ताच मोडलंय म्हणून तू नाक मुरडशील ते माहितीये मला. तो मोडका तुकडा टाकला नसशील तर हातात घेऊन बघ, जिथे दांड्या डोक्याला मिळतात तिथेच मोडलाय ना? बहुतेक तिथेच मोडतात. लाकडाच्या रेषा दांडीच्या लांबीने, टोकाकडे धावणाऱ्या हव्यात. त्या आडव्या किंवा तिरक्या असतील तर शिसव असो की सागवान, ताण आला की त्या रेषेवरच चिरणार, जळणासाठी लाकूड फोडताना कसं रेषेवर फुटतं तसं. नवीन घेताना फोटो मोठा करून रेषा बघ. आणि दोन दांड्यांच्या मधली बेचकी गोल यू सारखी हवी, टोकदार व्ही नको, व्ही च्या कोपऱ्यात सगळा ताण साठतो, आणि केस पण तिथेच अडकून तुटतात. नुसती नक्षी बघून घेतलेला काटा असाच दगा देतो, माझे दोन गेलेत, एक तर लग्नाच्या पंगतीत.

शिसवीचं नक्षीकाम उत्तर प्रदेशातल्या सहारनपूरचं प्रसिद्ध आहे, लाखेच्या रंगाचं लाकूडकाम चन्नपट्टणचं आणि आपल्या सावंतवाडीचं. पण खरं सांगू, सांगलीत एखादा चांगला सुतार ओळखीचा असेल ना तर पुठ्ठ्याचा आकार कापून त्याच्याकडे घेऊन जा, तुझ्या मापाचा, रेषा उभ्या ठेवून करून दे म्हणावं, दोन प्लेट मिसळीच्या पैशात काम होईल. नुसतं एवढं बघ की दांड्यांची टोकं गोल आहेत, आणि काचपेपर आधी मोठ्या दाण्याचा मग बारीक मग अगदी बारीक असा मारलाय. मग घरी कापसाची परीक्षा घे: कापसाचा बोळा दांडीवरून, बेचकीतून, टोकांवरून हलकेच फिरव. जिथे कापसाचा एक धागा अडकला तिथे तुझा केस अडकणार. तिथे परत बारीक काचपेपर.

हे मी एवढं का ताणतेय, तर हिशोब कर. कमरेच्या खालचं टोक म्हणजे सहा-सात वर्षांपूर्वी डोक्यातून निघालेला केस, तुझ्या थोरल्याच्या वयाचा! एवढी वर्षं ऊन, शांपू, रबरं, कंगवे सहन केलेला, त्याला आता एक छोटी कुसळ पण पुरते फाटे फुटायला. दाट आणि आखूड केसवालीला खडबडीत काटा चालून जाईल, तुला नाही.

लाकडाला पॉलिश नसेल तर जवसाचं तेल लाव, खायचं असतं तेच, पातळ हात, दोन-चार दिवस वाळू दे, मग परत. खोबरेल लावू नको, ते वाळत नाही, चिकट होऊन धूळ धरतं. आणि जवसाच्या तेलाचा बोळा चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नको हां, वाळताना तो गरम होतो, कधी कधी आपोआप पेटतो सुद्धा, ही थट्टा नाही. पसरून वाळव, मग टाक. ओल्या केसांत लाकडी काटा अजिबात नाही, लाकूड फुगतं, रेषा वर येतात, आणि ओला केस तसाही कमजोर असतो, रबरासारखा ताणला जातो. नहाण्याच्या दिवशी केस वाळेपर्यंत सैल वेणी.

बाकीचं पटापट सांगते. दोन दांड्या की तीन-चार? तुझे केस सुळसुळीत असतील तर तीन दांड्यांचा जास्त घट्ट बसतो, पण हात बसेपर्यंत दोनचाच घे, तीन टोकं एकदम सांभाळणं नवख्याला जमत नाही. दांड्यांमधलं अंतर विरळ केसांना कमी, दीड-दोन सेंटिमीटर मला बरं वाटतं, फार रुंद असेल तर छोट्या अंबाड्याच्या दोन्ही कडांवरून जातो, मधे काहीच धरत नाही. दांड्या किंचित लाटेसारख्या नागमोडी असतील तर उत्तम, सरकत नाही. बाक हवाच, डोकं गोल आहे आपलं, पट्टीसारखा सपाट काटा एक टोक तरी टोचवतो.

प्लास्टिकचे नको, निदान साच्यातले स्वस्तवाले नको, त्यांच्या कडेला साच्याची शिवण राहते, नख फिरवलं की कळतं, ती करवतीसारखी केस कापते (तुझ्या क्लचरलाही ती असणार, बघ). अ‍ॅसिटेट म्हणून मिळतं ते वेगळं, कापूस-लाकडाच्या लगद्यापासून करतात, चष्म्याच्या चांगल्या फ्रेम असतात ना तेच, गुळगुळीत आणि थोडं लवचिक, ते चालेल, फक्त उन्हात तापलेल्या गाडीत ठेवायचं नाही. कासवाच्या पाठीसारखे ठिपके असतात ते आता याचे नाहीतर साध्या प्लास्टिकचे असतात, खऱ्या कासवाच्या वस्तूंचा व्यापार कायद्याने बंद आहे, कोणी "ओरिजिनल" म्हणून विकत असेल तर चार हात लांब राहा. म्हशीच्या शिंगाचे उत्तर प्रदेशातल्या संभळमधून येतात, हलके आणि केसांना फार छान, कारण शिंग आणि केस दोन्ही एकाच प्रकारच्या प्रथिनाचे, पण पाण्यात पडलं की पापुद्रे सुटतात आणि कपाटात पडून राहिलं तर किडे खातात. तुमच्या घरात चालणार असेल तर घे. पितळेचा घामाने हिरवट कळकतो, मानेवर डाग, चिंचेने घासत बसायची हौस असेल तरच. स्वस्त मिश्रधातूचे घेऊच नको, त्यात निकेल असलं तर कानातल्यांनी खाजतं तसं टाळूला खाजतं.

आता आजेसासूबाईंचा आकडा. मला वाचूनच तो बघावासा वाटला. आपल्याकडे हे फोर्क प्रकरण काही परदेशातून आलेलं नवं फॅड नाही, आपल्या आज्या अंबाड्यात आकडे खोचायच्याच, बारीक तारेचे रोजचे आणि चांदीसोन्याचे सणाचे. जपानमधे दोन दांड्यांच्या कान्झाशी असतात, त्यातल्या काहींच्या टोकाला चक्क कानकोरणं असायचं! आपल्या आज्यांनी कानकोरणं किल्ल्यांच्या जुडग्याला लावलं, त्यांनी डोक्यात खोवलं. असो. तर आकडा वापर, पण रोज नको. चांदी मऊ असते, विरळ केसांत पण उलटवण्याचा ताण येतो तेव्हा हळूहळू दांड्या फाकतात. त्या जुन्या आकड्यांची टोकं भलतीच अणकुचीदार असतात, एकदा सराफाकडे नेऊन टोकं गोल करून घे, नेताना स्पष्ट सांग की झळाळी नको, वितळवायचं नाही, फक्त टोकं. आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर त्याचं वजन कर, तीसेक ग्रॅमच्या वर गेला आणि वजन सगळं आकड्याच्या डोक्याकडे असेल तर विरळ अंबाड्याला तो मागे ओढतो, तासा-दोन तासांच्या हळदीकुंकवाला ठीक आहे, आठ तासांच्या शाळेला नाही. गौरींच्या वेळी घाल, सासूबाईंसमोर घाल. मग केस कापायचं कोण म्हणतंय ते कळव मला.

गळण्याचं. दिवसाला पन्नास ते शंभर केस सगळ्यांचेच जातात, आणि तुझा एक केस हाताएवढा असल्यामुळे दहा केस कंगव्यात आले तरी उंदीर मेल्यासारखं दिसतं, घाबरायला होतं. काट्याने केस मुळापासून गळत नाहीत, रोज एकाच जागी करकचून ओढल्याने मात्र गळतात, मग तो काटा असो, रबर असो की पोनी. कपाळाची, कानशिलाची रेष मागे सरकतेय का हे अधूनमधून आरशात बघ. अंबाड्याची जागा बदलत राहा, आज मानेवर, उद्या थोडा वर. भुवया ताणल्या जात असतील तर तो घट्ट अंबाडा नाही, शिक्षा आहे. आणि दोन वर्षं झाली तरी नवे केस येताना दिसतच नसतील तर मात्र तेल-बिल बदलत न बसता त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, लोह आणि थायरॉइड तपासायला सांगतात बहुतेक, माझ्या चुलत बहिणीचं त्यातच निघालं.

हेल्मेटबद्दल मी वाद घालणार नाही, काटा लावून हेल्मेट नाही, संपलं. एक तर ते नीट बसत नाही, वर राहतं, आणि पडलीस तर तोच काटा कुठे जाईल ते मी लिहीत नाही. स्कूटीवर शेपटा, तो जॅकेटच्या किंवा ओढणीच्या आत घे, चाकाकडे जाऊ देऊ नको. काटा चष्म्याच्या जुन्या डब्यात घालून पर्समधे ठेव, शाळेच्या पार्किंगमधे हेल्मेट काढलं की शेपट्याचीच चकली करून काटा घाल. वेणीचा अंबाडा विरळ केसांना उलट जास्त भरीव दिसतो आणि त्यात काटा कमी सरकतो, पण त्याचं माप वेगळं येईल, थोडं मोठं, म्हणून पेन्सिल दोनदा घालून बघ: एकदा पिळाच्या अंबाड्यात, एकदा वेणीच्या.

दोन्ही मापं सेंटिमीटरमधे कळव, सोबत मोडक्या काट्याचा मोडल्या जागेचा फोटो पाठव, रेषा कशा होत्या ते मला बघायचंय. तोवर नवीन काही मागवू नको.